डोंबिवली सोडून कोकणात कायमचं राहायला जायचंय. चिपळूण, रत्नागिरी, दापोली, कुडाळ की सावंतवाडी?

अबोली_डोंबिवली

मंडळी, नवरा मार्चअखेर निवृत्त होतोय आणि डोंबिवली सोडायची हे घरात पक्कं झालंय. कुठे जायचं यावर मात्र रोज रात्री जेवताना भांडण. दोघांचंही मूळ कोकणातलं, पण गावाला आता आमचं म्हणावं असं घर नाही. जे आहे ते चुलत सासऱ्यांच्या मुलांकडे, आणि वाटणीचा विषय काढायची आमची इच्छा नाही. तेव्हा आम्हाला नवखेच समजा.

माणसं चार. आम्ही दोघं, 82 वर्षांच्या सासूबाई (साखर, रक्तदाब, गुडघे, शिवाय अँजिओप्लास्टी झालेली) आणि घरून काम करणारी मुलगी. बाग, होमस्टे, गुरं, यातलं काही करायचं नाही. तळमजल्याचा फ्लॅट किंवा छोटं घर, चालत जाऊन भाजी-मासळी आणता यावी, जवळपास वाचनालय असावं, बस.

नवऱ्याला दापोली हवंय. मुलीला सावंतवाडी, कारण गोवा जवळ. माझं मत रत्नागिरी. सासूबाई म्हणतात, "डॉक्टर जिथे तिथे माझी खाट टाका." दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढून सगळीकडे फिरून यावं म्हणतोय. कुठल्या गावात कुठला भाग बघू, आणि बघायचं म्हणजे नेमकं काय बघू?

भाट्येकर

अबोलीताई, दिवाळीत जरूर या, पण दिवाळीत घर पसंत करू नका. तेव्हा विहिरी भरलेल्या, डोंगर हिरवे, हवा गार. त्या दिवसांत कुठलंही गाव आवडतं. पाण्याचं काय ते मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात कळतं, आणि विजेचं, ओलीचं, रस्त्याचं जुलैत.

रत्नागिरीपुरतं सांगतो. शहराचे साधारण तीन थर धरा. खाली समुद्राकडे मांडवी, पेठ किल्ला, मिरकरवाडा, राजिवडा. मधे जुनं बाजाराचं गाव: राम आळी, गोखले नाका, धनजी नाका. वर माळावर मारुती मंदिर, शिवाजीनगर, साळवी स्टॉप, नाचणे, आणि हायवेच्या दिशेने पुढे कुवारबाव, मिरजोळे. रेल्वे स्टेशन गावात नाही, कुवारबावच्या बाजूला आहे. म्हणजे कोकणकन्येने पहाटे उतरलात तर घरी पोचायला रिक्षा लागणार, हे धरून चाला.

जुन्या आळ्या मला स्वतःला प्रिय आहेत. अंगण, पायरी, शेजार सगळं आहे. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथला चढउतार आणि उंच जोती झेपत नाहीत. तुमच्यासाठी मारुती मंदिर ते नाचणे हा पट्टा. दवाखाने, औषधाची दुकानं, बँका, भाजी सगळं तिथे, आणि रिक्षा हात केला की थांबते. मासळीला मात्र खालीच उतरा.

पाणी शीळ धरणाचं, मे महिन्यात कपात होते. फ्लॅट बघायला गेलात की बोअरला मेमध्ये पाणी राहतं का, टँकर किती वेळा आला, हे बिल्डरला विचारू नका. तिसऱ्या मजल्यावर दोरीवर कपडे घालणाऱ्या बाईंना विचारा. खरं तेच कळेल.

वाचनालयाचं म्हणाल तर आमचं नगर वाचनालय 1828 सालचं आहे. त्या बाबतीत बाकीच्या गावांनी आमच्याशी बोलूच नये. :)

वाशिष्ठी_काठ

भाट्येकर, वाचनालयावर माणूस जगत नाही. चिपळूणचं कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो.

या यादीत मुंबईला सगळ्यात सोयीचं मोठं गाव चिपळूण. रेल्वे आहे, हायवे आहे, कुंभार्ली घाटाने कराड आहे. बाजार असा की आसपासचे तालुके खरेदीला इथेच येतात. आणि सासूबाईंसाठी: सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. कोकणात एवढ्या अंतरावर अशी सोय किती गावांना आहे?

मुक्काम_पोस्ट

आणि पूर? 😐

वाशिष्ठी_काठ

त्यावर येतच होतो. लपवण्यासारखं काही नाही, 22 जुलै 2021 ला देशाने बघितलंय. बाजारपेठ, चिंचनाका, मुरादपूर, पेठमाप, खेर्डी, सगळीकडे पाणी. काही ठिकाणी तळमजला पूर्ण बुडून पाणी पहिल्या मजल्यावर गेलं. 2005 लाही पूर होता. कारणंही सगळ्यांना पाठ आहेत: वर घाटात ढगफुटीसारखा पाऊस, कोयनेत वीज तयार झाल्यावरचं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच येतं, नदीत गाळ, आणि त्याच वेळी भरती असेल तर खाडी पाणी आत घेत नाही.

म्हणून चिपळूण बाद? मी तसं म्हणणार नाही. चिपळूण उंचीवर बघा. जलसंपदा विभागाच्या पूररेषा आहेत. निळी रेषा 25 वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. नगरपरिषदेत जाऊन नकाशावर आपला प्लॉट कुठे पडतो ते बघायचं. आणि नकाशा कळला नाही तर शेजारच्या दुकानदाराला एवढंच विचारायचं, "दोन हजार एकवीसला पाणी कुठपर्यंत होतं?" तो हात वर करून भिंतीवर दाखवेल. जिथे दाखवायला हात खाली न्यावा लागत नाही आणि वरही न्यावा लागत नाही, "इथे आलंच नाही हो" म्हणतात, तिथे घर घ्या.

अबोलीताई, तुम्हाला तळमजला हवाय म्हणून हे जास्त महत्त्वाचं.

भाट्येकर

हे मान्य. डेरवणचंही मान्य. आमच्याकडे जिल्हा रुग्णालय आहे, 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालंय, खासगी दवाखाने पुष्कळ. तरी फार गुंतागुंत झाली की आंबा घाट ओलांडून कोल्हापूर, सुमारे 130 किलोमीटर. पावसाळ्याच्या रात्री त्या घाटातून ॲम्ब्युलन्स हा काही सुखाचा प्रवास नाही. ताई, ज्या गावात जाल तिथल्या दोन-तीन रुग्णालयांत फोन करून थेट विचारा: रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं तर तुमच्याकडे काय होतं? हृदयाचा डॉक्टर राहायला गावात आहे की ठरावीक वारी बाहेरून येतो? पाटीवर नाव असणं वेगळं आणि माणूस असणं वेगळं.

खाडीपलीकडे_टोरांटो

एवढा विचार कशाला! समुद्राकाठी छोटंसं कौलारू घर घ्या, सकाळी वाळूत फिरायला जा, ताजे मासे खा. आम्ही इथे बर्फात बसून तेच स्वप्न बघतो.

मुक्काम_पोस्ट

स्वप्न बघा, पण फ्रिज तिथे ठेवू नका. खाऱ्या वाऱ्याने मागची जाळी, खिडक्यांचे गज, गाडीचा पत्रा, सगळं गंजतं. किनाऱ्यालगत बांधकामाला सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम. आणि ताजे मासे जून-जुलैत विसरा, यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते.

खाडीपलीकडे_टोरांटो

बरं बाबा. सुकट तरी मिळेल ना?

कुळकायदा

फ्लॅट घेणार असाल तर माझी पोस्ट वगळली तरी चालेल. पण "छोटं घर" असा शब्द आलाय म्हणून लिहितो. मी महसूल खात्यात होतो.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. कूळ कायद्याचं कलम 63. तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर कुठेच सातबारा नसेल तर "20 गुंठे, आंब्याची कलमं, विहीर, स्वस्तात" ही जाहिरात तुमच्यासाठी नाही. तुम्हाला बिनशेती झालेला प्लॉट किंवा गावठाणातलं घर बघायला हवं. "आधी घ्या, एनए (बिनशेती) मागाहून करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

सातबारा बघताना सगळे वरची नावं वाचतात. खाली "इतर हक्क" वाचा. कुळाचं नाव, बोजा, सोसायटीचं कर्ज, वनाची नोंद, रस्त्याचा हक्क, जे काय आहे ते तिथे. आपल्याकडे सातबारे सामाईक असतात. एका पानावर तीसेक नावं, त्यातली काही माणसं वारलेली, वारस नोंद नाही, काही बोरिवलीत, एक आत्या बडोद्याला. एकाने सही दिली म्हणून जमीन तुमची होत नाही. फेरफार मागे मागे जाऊन बघा. जुने सातबारे आणि फेरफार तालुक्याला मिळतात, आणि ऑनलाइनही बरंच काही दिसतं.

घराला वाट आहे का, हे तर सगळ्यात आधी. प्रत्यक्ष चालायची वाट असते, पण ती दुसऱ्याच्या बागेतून. तो माणूस चांगला आहे तोवर वाट आहे.

आंबोलीकडे कोणी जागा दाखवली तर जास्तच जपा. आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न फार जुना आणि गुंतागुंतीचा आहे.

गजालीकार

येवा, कोकण आपलाच आसा! सिंधुदुर्गाची बाजू मांडायला उशीर झाला, माफी.

कुडाळ की सावंतवाडी हा आमच्याकडे कायमचा वाद. दोन्हीकडे माझी माणसं आहेत म्हणून मोकळेपणाने लिहितो. सावंतवाडी बघताक्षणी आवडते. मोती तलाव, समोर राजवाडा, संध्याकाळी तलावाच्या कट्ट्यावर अख्खं गाव. चितारआळीत लाकडी खेळणी, उभा बाजार, सबनीसवाडा, सालईवाडा अशी नावं ऐकूनच माणूस पाघळतो. निवृत्त माणसाला चालायला याहून चांगलं गाव दाखवा! पण स्टेशन मळगावात, गावाबाहेर. मोठं दुखणं आलं की बांबोळी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. तिथे आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गेली, पण 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क आहे, आणि आहे तेही अंतरच. मुलीला मोपा विमानतळ जवळ पडेल, जानेवारी 2023 पासून चालू आहे. आमचा स्वतःचा चिपी विमानतळ 2021 ला झाला, त्यावर बोलायला बसलो तर धागा भरकटेल.

कुडाळ दिसायला काही खास नाही. कोणी कुडाळचे फोटो काढून पाठवत नाही. पण स्टेशन गावाला लागून, हायवे जवळ, बाजार मोठा, एमआयडीसी आहे, नवीन वस्ती पिंगुळी आणि झारापच्या बाजूला वाढतेय. जिल्ह्याचं मुख्यालय ओरोस शेजारी, तिथे जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ज्याला रोजचं आयुष्य सोपं हवं त्याने कुडाळ. ज्याला संध्याकाळ हवी त्याने सावंतवाडी.

ओरोसमध्येच राहू का असं विचाराल. ऑफिसं सुटली की तिथे विचारायला माणूस सापडत नाही.

आणि दोडामार्गाकडे हिरवळ बघून भुलू नका. हत्ती येतात, आणि माकडतापाचे रुग्ण त्या पट्ट्यात 2016 पासून सापडलेत. तिथली माणसं राहतातच, पण 82 वर्षांच्या आजीला घेऊन नव्याने जायची ती जागा नव्हे.

आमची म्हातारी सांगता, "मे म्हयन्यात येवा, बावडी बघा, मगे काय ता ठरवा." भाट्येकरांचंच म्हणणं, फक्त कमी शब्दांत.

दापोली_कॅम्प

यजमानांना दापोली का हवी ते मला कळतं. इंग्रजांनी इथे कॅम्प केला तो हवेसाठीच. समुद्रसपाटीपासून साधारण 800 फूट, संध्याकाळी वारा, 1972 पासूनचं कृषी विद्यापीठ, त्यामुळे शिकलेली वस्ती, बरी दुकानं. राहायला गिम्हवणे, जालगाव, टाळसुरे हे भाग बघा. गावाला लागूनच आहेत आणि तरी मोकळे.

उणं एकच आणि मोठं. रेल्वे नाही. खेडला उतरायचं आणि पुढे रस्त्याने. मोठ्या रुग्णालयासाठीही खेड ओलांडून पुढेच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे झाडं, कौलं, विजेचे खांब गेले आणि कित्येक वाड्यांत वीज यायला आठवडे लागले. मी इथून हलणार नाही. पण तुमच्या घरच्या आजींचं वाक्य वाचून तुम्हाला "या" असं म्हणायला जीभ रेटत नाही.

सासर_देवरुख

देवरुख कोणीच सांगितलं नाही! स्वच्छ, शांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी, चांगलं कॉलेज, नाटकवाली माणसं. स्टेशन संगमेश्वरला. हवा रत्नागिरीपेक्षा गार. फ्लॅटही स्वस्त पडतात.

भाट्येकर

देवरुख छान आहेच, पण मोठ्या दुखण्याला तेही आमच्याकडे नाहीतर डेरवणला येणार. मग वाढवलेल्या तासाचा उपयोग काय?

सासर_देवरुख

सगळेच काही कायम आजारी नसतात हो.

वायफाय_वहिनी

मुलीच्या कामाबद्दल कोणीच बोललं नाही. मी गुहागर तालुक्यातून तीन वर्षं घरून काम करतेय. फायबर आता बहुतेक गावांत आहे, पण "गावात आहे" आणि "तुमच्या वाडीत आहे" यात एक ओढा आणि चार खांब असतात. घर बघायला जाल तेव्हा मुलीला तिथे खरंच कामाला बसवा. दुपारी एक मीटिंग तिथूनच होऊ दे. दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी, मोठी बॅटरी असलेला इन्व्हर्टर, आणि मोबाईलची रेंज घराच्या प्रत्येक खोलीत. चिऱ्याच्या जाड भिंतीत आत रेंज मरते.

जुलैत वीज जाते तेव्हा तासाभरासाठी जात नाही. फांदी पडली, तार तुटली, आणि लाइनमन एकटा. त्याचा नंबर तोंडपाठ असणं ही इथली खरी प्रतिष्ठा. पाऊस डोंबिवलीतही धो धो पडतो, त्याची भीती तुम्हाला वाटणार नाही. पण तिथे वीज लवकर येते, आणि इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते.

बाईमाणसाने नव्या गावात एकटीने रात्री आठ वाजता चालून बघावं हेही सांगते. दिव्यांचे खांब आहेत का, दिवे लागतात का, कुत्री किती, लोक बघतात कसे. हे दुपारच्या उन्हात दलालाबरोबर फिरताना कळत नाही.

अबोली_डोंबिवली

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. दिवाळीचा बेत फिरण्यापुरताच ठेवते, घर नाही बघत. मेमध्ये परत जाऊ. एक प्रश्न: घर विकत घ्यायच्या आधी भाड्याने राहावं का? नवरा म्हणतो, भाडं म्हणजे पाण्यात पैसे.

कुळकायदा

नोंदणी, मुद्रांक शुल्क, आणि नाही आवडलं तर विकायला गिऱ्हाईक शोधत बसणं, यात जे पाण्यात जातं त्यापेक्षा वर्षाचं भाडं कमीच. कोकणात घर घेणं जमतं, विकणं जमत नाही. यजमानांना हे वाचून दाखवा.

मुक्काम_पोस्ट

+1. आणि भाड्याने राहाल ते पावसाळा धरून. नोव्हेंबर ते एप्रिल भाड्याने राहून काही कळत नाही, तेव्हा तर पाहुणेही राहतात.

अबोली_डोंबिवली *(मे महिना)*

धागा वर काढतेय. जाऊन आलो. गाडीने नाही, मुद्दाम रेल्वेने आणि एसटीने, कारण पुढे नवरा गाडी किती वर्षं चालवणार?

सावंतवाडीत तलावाकाठी बसल्यावर मुलीने घर घेतलंच होतं. तिथल्या एका काकूंनी, त्यांच्या यजमानांना बांबोळीला नेलं होतं त्या रात्रीची हकीकत सांगितली आणि आम्ही गप्प झालो. कुडाळमध्ये स्टेशनातून बाहेर पडून बाजार, औषधं, बँक सगळं चालत झालं. गजालीकार, तुमचं वर्णन अगदी बरोबर, फोटो एकही काढला नाही. सासूबाईंना कुडाळ आवडलं, मला पर्याय क्रमांक दोन म्हणून.

चिपळूणला वाशिष्ठी_काठ यांनी सांगितलं तसंच विचारत फिरलो. एका औषधवाल्यांनी काउंटरवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. पाणी घड्याळापर्यंत. त्याच दुकानात आता सगळा माल वरच्या फळ्यांवर, खालच्या दोन फळ्या रिकाम्या. उंचावर एक चांगली इमारत पाहिली, पण तिथून बाजारात उतरायचा चढ सासूबाईंना शक्य नव्हता, आणि त्यांना दिवसभर घरात बसवायला आम्ही डोंबिवली सोडत नाही आहोत. डेरवणचं रुग्णालय मात्र बघून आलो, फाइल दाखवून तिथल्या डॉक्टरांशी बोललो. फार बरं वाटलं.

दापोलीत नवऱ्याने शेवटपर्यंत किल्ला लढवला. खेडहून एसटीत उभं राहून जावं लागलं तेव्हा तो मऊ झाला. तह असा झालाय की दर मेमध्ये दापोलीला राहायला जायचं.

आणि रत्नागिरी. नाचण्याच्या बाजूला तळमजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतलाय, अकरा महिन्यांचा करार, जूनच्या पहिल्या आठवड्यापासून. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना विचारलं, भाट्येकर! त्या म्हणाल्या, मेमध्ये दिवसाआड पाणी, पण खालची टाकी मोठी आहे आणि टँकर गेल्या वर्षी दोनदाच. मुलीने त्यांच्याच बाल्कनीत बसून मीटिंग केली. हृदयाच्या डॉक्टरांचं रात्रीचं उत्तर दोन ठिकाणी वेगवेगळं मिळालं. ज्यांनी "इथे स्थिर करू आणि डेरवण नाहीतर कोल्हापूरला पाठवू" असं सरळ सांगितलं, त्यांच्याकडे सासूबाईंची फाइल ठेवली.

डोंबिवलीचा फ्लॅट विकलेला नाही. वर्षभर भाड्याने दिलाय.

कुळकायदा

शाबास. विकू नका एवढ्यात.

गजालीकार

पर्याय क्रमांक दोन! कुडाळकर ह्या वाचून रडतले. असो, रत्नागिरीत मालवणी मसालो मिळालो नाय तर सांगा.

वाशिष्ठी_काठ

घड्याळवाले औषधवाले ओळखले. नमस्कार सांगतो त्यांना.

भाट्येकर

ताई, जूनचा पहिला आठवडा म्हणजे ट्रक 5 तारखेच्या आत आणा. पाऊस सुरू झाल्यावर गाद्या भिजल्या की ऑक्टोबरपर्यंत वाळत नाहीत. प्लायवूडचं नवीन कपाट एवढ्यात करू नका, जुनं सागवानी असेल तेच आणा. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. खिडक्यांवर पत्र्याचं छप्पर आहे का ते मालकाला आत्ताच विचारा. नसेल तर पश्चिमेच्या खोलीत खाट टाकू नका.

आगोट (पावसाळ्याची बेगमी) भरायला धान्य उन्हात घालून डब्यात भरा, सुकं मासळी बाजारातून मेमध्येच उचला, जूनमध्ये भाव चढतात. गॅसची नोंदणी बदलायला डोंबिवलीच्या एजन्सीचा कागद लागेल, तो विसरू नका. आणि सासूबाईंची औषधं दोन महिन्यांची बरोबर ठेवा.

नगर वाचनालयाच्या सभासदत्वाला आधार कार्ड आणि फोटो घेऊन या.

अबोली_डोंबिवली

लिहून घेतलं. खिडक्यांवर पत्रे नाहीत. मालकांना आत्ताच फोन लावते.